प्रेअरीतल्या गावात नवीन आलाय? मग आठवड्याचं थंडीचं फोरकास्ट असं वाचा

मागच्या महिन्यात आमच्या गावात अजून दोन मराठी पोरं आली, एक नाशिकचा आणि एक परभणीचा, आणि दोघांनी पहिल्याच आठवड्यात मला तोच प्रश्न विचारला जो मीही आल्या आल्या सगळ्यांना विचारत फिरले होते. "ताई, मायनस किती झालं की बाहेर पडायचं नाही?" आता याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण इथे मायनस २५ ला लोक कुत्रं फिरवत असतात आणि मायनस १२ ला हायवे बंद असतो. त्यामुळे म्हटलं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे दर हिवाळ्यात तेच तेच सांगायला नको.

गाव म्हणजे स्विफ्ट करंट, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातलं, प्रेअरीत म्हणजे सपाट गवताळ पट्ट्यात. कागदावर सिटी आहे, पण लोकसंख्या १७ हजाराच्या आसपास, आपल्याकडे एवढ्या वस्तीला फार तर नगरपंचायत मिळाली असती. ट्रान्स-कॅनडा हायवे नंबर १ वर पश्चिमेला मेडिसिन हॅट, पूर्वेला मूस जॉ आणि मग रिजायना, आणि मध्ये सगळं सपाट. झाड नाही, डोंगर नाही, वाऱ्याला अडवायला काहीच नाही. गावाच्या आग्नेयेला १५० मेगावॉटचं पवनचक्क्यांचं शेत आहे, ते काय उगाच नाही उभं केलेलं. साताऱ्याकडच्या लोकांनी चाळकेवाडीचं पठार आठवावं, तसला वारा, फक्त फ्रीझरमधून सोडलेला.

पहिलं काम: बघायचं कुठे

फोनमध्ये आधीपासून असलेलं वेदर ॲप ठीक आहे पण त्यावर एक छोटंसं चित्र आणि एक आकडा एवढंच डोळ्यात भरतं, आणि इथे तेवढ्यावर भागत नाही. एन्व्हायर्नमेंट कॅनडाची (इथलं सरकारी हवामान खातं) साइट किंवा त्यांचं वेदरकॅन ॲप घ्या, फुकट आहे. त्यात सात दिवसांचं फोरकास्ट शब्दांत लिहिलेलं असतं आणि खरी गंमत त्या शब्दांत आहे. पहाटे पाचला आणि दुपारी चारला नवीन निघतं, मध्ये अकराला अपडेट असतो. सस्कॅचवानमध्ये घड्याळं उन्हाळा-हिवाळा मागेपुढे करत नाहीत, तेव्हा या वेळा पाठ करून ठेवल्या की झालं. मी चारचं बघते, कारण माझी शिफ्ट सकाळी सातला आणि उद्याची तयारी आजच करावी लागते.

आणि एक सवय लावून घ्या, सातही दिवसांवर सारखा विश्वास ठेवू नका. आज-उद्याचं बऱ्यापैकी बरोबर येतं. पाचव्या-सहाव्या दिवसाचं फक्त "थंडी वाढतेय की उतरतेय" एवढंच घ्यायचं. बर्फ किती सेंटीमीटर पडणार हे आठवडाभर आधी कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला हो हो म्हणायचं.

दुसरं: ऊन दिसलं म्हणून खूश होऊ नका

आपल्या डोक्यात ऊन म्हणजे ऊब हे समीकरण इतकं पक्कं असतं की ते निघता निघत नाही. इथे जानेवारीत "सनी" लिहिलेलं असलं की समजायचं उत्तर ध्रुवाकडची जड, कोरडी हवा येऊन बसलीय, आकाश निरभ्र आहे, म्हणजे जमिनीची जी काय थोडीफार उष्णता आहे ती रात्रभर थेट वर निघून जाणार. ढग म्हणजे गोधडी. गोधडी काढली की काय होणार. म्हणून ढगाळ दिवशी मायनस ६ आणि लख्ख निळ्या आकाशाच्या दिवशी मायनस २६, हे इथलं रोजचं आहे.

मला हे कळायला एक कान लागला. पहिल्या डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी खिडकीतून बघितलं तर बाहेर झगझगीत ऊन, बर्फ असा चमकतोय की डोळे दिपतात, म्हटलं चला किराणा आणू, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. टोपी घातली होती पण कानाच्या वर राहणारी, फॅशनची. कानात आजीने दिलेले सोन्याचे टॉप्स. दुकानात शिरले तर काउंटरवरच्या बाईने पैसे घ्यायच्या आधी माझ्या कानाकडे बोट दाखवलं. आरशात बघितलं तर पाळीचा खालचा भाग मेणासारखा पांढरा, टोचलं तरी कळत नव्हतं. मी लगेच चोळायला लागले आणि ती ओरडलीच, चोळू नको. तेच बरोबर आहे, हिमदंश झालेला भाग चोळायचा नाही, गरम हीटरला किंवा कढत पाण्याला लावायचा नाही, कोमट ऊब द्यायची, आणि संवेदना परत येत नसेल किंवा फोड आले तर डॉक्टरकडे जायचं. माझं थोडक्यात निभावलं, कातडी सोलली आणि आठवडाभर ठणकलं. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च टॉप्स डबीत.

तिसरं आणि खरं: वारा वाचा

फोरकास्टमध्ये तापमानानंतर वाऱ्याची ओळ असते, "विंड नॉर्थवेस्ट ३० गस्टिंग टू ५०" अशी, म्हणजे वायव्येचा वारा ताशी ३० किलोमीटर, मधूनच ५० चे झोत. नवीन माणूस ती ओळ सोडून पुढे जातो. जाऊ नका. वाऱ्याचं आणि थंडीचं मिळून जे होतं त्याला विंड चिल म्हणतात, आणि कॅनडा-अमेरिकेत २००१ पासून त्याचं एकच सूत्र वापरतात. त्या सूत्राने काय होतं बघा: मायनस १५ आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर विंड चिल येतो मायनस २९. म्हणजे वारा नसलेल्या मायनस २५ च्या दिवसापेक्षा हा मायनस १५ वाला दिवस तोंडाला जास्त झोंबणार. आणि मायनस ३३ ला नुसती १० ची झुळूक असली तरी मायनस ४३.

कॅनडात विंड चिलच्या आकड्यापुढे डिग्री लिहीत नाहीत, कारण ते तापमान नाहीच, उघड्या कातडीला कसं वाटेल त्याचा तो निर्देशांक आहे. यावरून इथे सगळ्या नवीन मंडळींचा एक वाद ठरलेला असतो, की विंड चिल मायनस ४० असेल तर गाडी मायनस ४० होते का. नाही होत. हवा मायनस २८ असेल तर गाडी, नळाचा पाइप, तुमचा फोन, कशाचंही तापमान त्याखाली जाणार नाही. फक्त वाऱ्यात ते तिथपर्यंत लवकर पोचतं. गाडीसाठी तापमान बघा, नाक-कान-गालांसाठी विंड चिल.

लक्षात ठेवायचे आकडे फार नाहीत. विंड चिल मायनस २८ ते ३९, उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. ४० ते ४७, पाच ते दहा मिनिटं. ४८ च्या पुढे दोन ते पाच मिनिटं, आणि मायनस ५५ ला दोनच्याही आत. मी ते कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, चाव्या लटकवतो त्याच्या वरती, आणि खाली "बसस्टॉप ९ मिनिटं" हेही लिहिलंय. तुमचं तुमचं अंतर लिहा.

वाऱ्याची दिशाही बघा. इथे दिशा म्हणजे वारा कुठून येतोय ती. आग्नेयेचा वारा सुरू झाला की काहीतरी येतंय, बहुतेक बर्फ. वायव्येचा झाला की आलेलं गेलं आणि आता तापमान घसरणार. नैऋत्य किंवा पश्चिमेचा असेल तर सुटका. एवढं कळलं तरी अर्धं फोरकास्ट कळलं.

शब्दांची थोडी ओळख

फ्लरीज म्हणजे येऊनजाऊन भुरभुर, साचलं तर साचलं. नुसतं "स्नो" लिहिलं असेल तर सलग पडणार. "३० पर्सेंट चान्स ऑफ फ्लरीज" हे इथे इतकं येतं की लोक ते वाचतही नाहीत. १० सेंटीमीटर बर्फ वितळवला तर साधारण १० मिलिमीटर पाणी, म्हणजे आपल्या जुलैतली एक किरकोळ सर, पण कडाक्याच्या थंडीत तो बर्फ इतका हलका असतो की कापसासारखा उडतो, आणि खरी भानगड तिथून सुरू होते.

"ब्लोइंग स्नो" हे दोन शब्द दिसले की थांबा. यात आकाशातून काहीच पडत नसतं, वर निळं आकाश असू शकतं, आणि जमिनीवर आधीच पडलेला बर्फ वारा उचलून आडवा नेत असतो. फरशीवर मैदा सांडलाय आणि कुणीतरी पंखा पाचवर लावला, असं दिसतं. सुरुवातीला डांबरावरून पांढरे साप सरपटत जातात, सुंदर दिसतं, व्हिडिओ काढावासा वाटतो, आणि पाच-दहा किलोमीटर पुढे गेल्यावर रस्ता, शेत, पांढरी पट्टी सगळं एकच होतं. वारा ४० किंवा जास्त, दिसणं ४०० मीटर किंवा कमी, आणि हे किमान चार तास चालणार असेल तर त्याला ब्लिझर्ड म्हणतात.

"आइस क्रिस्टल्स" मात्र घाबरायचं काम नाही. कडक थंडीत हवेतली वाफच बारीक स्फटिक होऊन तरंगते, उन्हात चमचम करते, आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कामावर उशिरा पोचले.

आता एक नमुन्याचा आठवडा घेऊ

हा मी बनवलेला आहे, पण जानेवारीत असा आठवडा अगदी नेहमीचा.

सोमवार: ऊन-ढग, दुपारनंतर वारा आग्नेयेचा ३०, कमाल मायनस ९. मंगळवार: ढगाळ, बर्फ ४ सेंटीमीटर, कमाल मायनस २. नवीन माणूस म्हणतो अरे वा, मायनस २, मंगळवारी रिजायनाला जाऊन इंडियन किराणा भरून येऊ, अडीच तासांचा तर रस्ता. आणि नेमका हाच दिवस घराबाहेर न राहण्याचा आहे. कारण पुढची ओळ वाचा. मंगळवार रात्र: वारा वायव्येचा ५० गस्टिंग ७०, ब्लोइंग स्नो, तापमान घसरून मायनस १९. याला अल्बर्टा क्लिपर म्हणतात, पश्चिमेकडचे रॉकीज पर्वत ओलांडून सुसाट येणारं कमी दाबाचं क्षेत्र, पुढे थोडी ऊब, मध्ये थोडा बर्फ, आणि मागे ध्रुवाकडची हवा ओढत आणतं. बर्फ फार नसतो, पण चार सेंटीमीटर हलका बर्फ आणि ७० चा झोत एवढं पुरतं.

म्हणजे सोमवारीच काय करायचं: पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, वॉशरचं पाणी मायनस ४० वालं आहे का बघा (उन्हाळ्याचं निळं पाणी काचेवर मारलं की तिथेच गोठतं आणि तुम्ही आंधळे), किराणा आणून टाका. मंगळवारी जायचंच असेल तर दुपारी घरी परत. निघण्याआधी सस्कॅचवानचं हायवे हॉटलाइन उघडा, नकाशावर प्रत्येक रस्त्याचा तुकडा रंगाने दाखवतात. "ट्रॅव्हल नॉट रेकमेंडेड" लिहिलं असेल तर ते आपल्याकडच्या "धूम्रपान निषेध" सारखं नसतं, खरंच जायचं नसतं. बाकी रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, पांढऱ्यात माणूस शंभर फुटांवर हरवतो. गाडीत बसा, सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, काच किंचित उघडी. डिकीत जाड ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती, काडेपेटी, चिक्की किंवा शेंगदाण्याचे लाडू. माझ्याकडे लाडू असतात, ते गोठून दगड होतात, पण खिशात धरले की खाता येतात.

बुधवार: सनी, कमाल मायनस २१, सकाळी विंड चिल मायनस ३९. वारा अजून आहे. आज मंगळवारची सगळी साफसफाई: ग्रेडर रस्ता साफ करून गेला की तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढेकळांचा बांध घालून जातो, तो दुपारपर्यंत काँक्रीट होतो, म्हणून सकाळीच काढा. घरात हाय-एफिशियन्सी फर्नेस (घर तापवणारं यंत्र) असेल तर बाहेरच्या भिंतीवर त्याचे दोन पांढरे पाइप असतात, तोंडाशी बर्फ साचलाय का बघा, नाहीतर रात्री फर्नेस बंद पडतं.

गुरुवार: सनी, कमाल मायनस २४, रात्री किमान मायनस ३३. वारा पडला, म्हणून लोकांना बरं वाटतं, पण गाडीसाठी आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस हाच. इथे गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबत असतो, मी आले तेव्हा मला वाटलं बाई किती प्रगत गाव, सगळ्यांकडे इलेक्ट्रिक गाड्या. तो ब्लॉक हीटर, इंजिन गरम ठेवायला. मायनस १५ च्या खाली जाणार असेल तर लावायचा. रात्रभर लावायची गरज नाही, बाहेर चालणारा टायमर आणा आणि निघण्याआधी तीन-चार तास चालू होईल असं लावा, बिल वाचतं. भाड्याने घर बघताना पार्किंगला प्लग आहे का हे विचाराच. सकाळी गाडी निघाली की पहिला अर्धा किलोमीटर धबधब आवाज येईल, टायर पंक्चर नाहीये, रात्रभर एका जागी उभं राहून ते खालून चपटे झालेत, गरम झाले की गोल होतात. घरातही बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर खालचं कपाट उघडं ठेवा, घरातली ऊब पाइपला लागते.

गुरुवारी रात्री ॲपवर इशारा येईल. दक्षिण सस्कॅचवानमध्ये तापमान किंवा विंड चिल मायनस ४० ला जाऊन किमान दोन तास राहणार असेल तर तो देतात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून इशाऱ्यांना पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आलेत. पिवळा वरचेवर दिसेल. पोरं शाळेत असतील तर स्कूल बसचा नियम आपापल्या स्कूल डिव्हिजनला विचारून ठेवा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. बहुतेक वेळा बस बंद म्हणजे शाळा बंद नव्हे, हे माझ्या शेजारणीला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

शुक्रवार: आइस क्रिस्टल्स, मायनस २३. खोटे सूर्य बघा, फोटो काढा, पण हातमोजा काढून नको. पायाखाली बर्फ कॉर्नफ्लॉवरचं पाकीट दाबल्यासारखा कचकच वाजेल. आणि कामावरचे म्हातारे सांगतील ही काय थंडी, त्यांच्या बापाने १९४७ चा हिवाळा बघितला होता. त्यावर वाद घालू नका, त्या हिवाळ्यात खरंच बर्फात आगगाड्या गाडल्या गेल्या होत्या, आणि सस्कॅचवानमधल्याच प्रिन्स अल्बर्ट गावाला १ फेब्रुवारी १८९३ ला मायनस ५६.७ झालं होतं, तो राज्याचा रेकॉर्ड अजून तुटलेला नाही.

शनिवार: मायनस १२, वारा नैऋत्येचा. रविवार: प्लस २. हा चिनूकचा, म्हणजे रॉकीजवरून उतरणाऱ्या उबदार वाऱ्याचा, शेपटाकडचा भाग. कोकणात सगळा पाऊस पाडून वारा घाट चढतो आणि देशावर कोरडा उतरतो ना, तसंच रॉकीजच्या पलीकडे ओल सोडून हवा अलीकडे उतरते आणि उतरताना तापते. अल्बर्टातल्या पिंचर क्रीकला जानेवारी १९६२ मध्ये एका तासात मायनस १९ वरून प्लस २२ झालं होतं. आपल्यापर्यंत येईतो त्याचा जोर कमी होतो, पण छपरावरून पाणी टिपकायला लागतं, लोक हुडी घालून फिरतात (इथे हुडीला बनीहग म्हणतात, दुकानात गोंधळू नका). आणि रविवारी रात्री परत मायनस ११. दिवसा वितळलेलं सगळं पाणी फुटपाथवर काच होऊन बसतं. मला मायनस ३३ ची भीती वाटत नाही तेवढी या प्लस २ नंतरच्या सोमवार सकाळची वाटते, माझं मनगट त्याच सकाळी मोडलं होतं. रविवारी संध्याकाळी पायऱ्यांवर खडी किंवा वाळू टाका, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घ्या, आणि पेंग्विनसारखं छोटी पावलं टाकत चाला, कुणी हसत नाही.

कपड्यांबद्दल थोडंच

सगळे लेअर्स लेअर्स करतात ते बरोबरच आहे, पण पैसे कमी असतील तर पहिल्यांदा बूट, मग मिट्स, मग पार्का (टोपीवालं लांब, जाड जॅकेट) या क्रमाने खर्च करा. पाच बोटांच्या ग्लव्हजपेक्षा मिट्समध्ये बोटं एकमेकांना ऊब देतात. कानावरून ओढता येईल अशी लोकरी टोपी, इथे तिला टूक म्हणतात. आत सुती बनियन नको, घाम आला की ओलं राहतं आणि थांबलात की गारठा. भारतातून जाड जॅकेट विकत घेऊन येऊ नका, तिथलं "मनालीसाठी" वालं इथे ऑक्टोबरमध्येच संपतं. इथे सेकंडहँड दुकानात चांगला पार्का मिळतो.

आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य सकाळी नऊ वाजून गेल्यावर उगवतो, पाच-सव्वापाचला मावळतो. म्हणजे सातच्या शिफ्टला जाताना रात्रच असते. पार्कावर चमकणारी पट्टी लावून घ्या, ग्रेडरवाल्याला तुम्ही दिसलं पाहिजे.

घरच्यांना काय सांगायचं

इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे भारतात सकाळचे साडेसात, फोनची वेळ तीच. पहिल्या वर्षी मी आईला कौतुकाने विंड चिलचा आकडा सांगायचे, मायनस ४५ वगैरे, आणि तिकडे मिरजेत सगळा वाडा जागा व्हायचा, की पोरगी परत बोलवा. मग मी नुसतं तापमान सांगायला लागले. मग कमालच फक्त. मग तिने भाच्याकडून स्वतःच्या फोनवर स्विफ्ट करंट टाकून घेतलं, आणि माझी सगळी हुशारी संपली. परवा मी सोफ्यावर पडले होते, चारचं फोरकास्ट बघायचं विसरले होते, आणि तिचा फोन आला.

"अगं, उद्या तुमच्याकडे वारा वायव्येचा दाखवतंय. वायर लावलीस का गाडीला?"